बोंब कोण मारतंय, बघू

ही गोष्ट खरी आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कोणी विचारायला नको.

आणि रात्रीची नाही. उगाच अंधार, वारा, कुत्र्यांचं रडणं असलं काही मागू नका. वेळ सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. महिना मार्च. जागा रुसे शहर, डॅन्यूबपासून दोन गल्ल्या आत असलेलं आमचं ऑफिस. बाहेर लख्ख ऊन होतं आणि खाली कोणीतरी गाडी धूत होतं.

माझं नाव स्नेझिना. वय चव्वेचाळीस. नवरा सोडून गेला, मूल नाही, तोंड फटकळ. आई सोडली तर या जगात माझं कोणी नाही. हे आत्ताच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याबद्दल आहे.

आमच्या कंपनीचं काम लिफ्टच्या देखभालीचं. निम्म्या शहरातल्या ब्लॉकच्या लिफ्ट आमच्याकडे. तुम्ही अडकलात की आतलं पिवळं बटण दाबता. तो फोन आमच्या तळमजल्यावर मित्कामावशींकडे लागतो. पस्तीस वर्षं त्या तेच करतात. मी दुसऱ्या मजल्यावर, कम्प्युटर खात्यात. मला बावीस वर्षं झाली.

गेल्या वर्षी मालक बदलले. नवे मालक व्हिएन्नाचे. त्यांनी फर्मान काढलं, की जुनी पद्धत बंद. प्रत्येक कामाला वेगळं मशीन, ते मशीन फक्त एकालाच कळतं, तो रजेवर गेला की सगळे हात चोळत बसणार, हे आता चालायचं नाही. कंपनीचं स्वतःचं एकच मोठं क्लाउड, सोफियात ठेवलेलं. सगळी कामं त्यात हलवायची. आणि आम्ही यापुढे खातं नाही, 'सेवा'. ज्याला जे हवं ते त्याने यादीतून मागवायचं, आम्ही द्यायचं. खानावळच म्हणा ना.

प्रत्येक सेवेला एक मालक. जिवंत माणूस, सहीनिशी. दर महिन्याला त्या मालकाला एक तक्ता येणार... तुमची सेवा किती जणांनी वापरली.

तो तक्ता लक्षात ठेवा.

हे सगळं राबवायला ओग्न्यानला आणलं. चौतिशीचा, पांढरे बूट, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि माझा साहेब.

"स्नेझिना, एकोणीस मशिनं आहेत," तो म्हणाला. "अठरांचे मालक सापडले. एकोणिसावं कोणाचं?"

"राद्कोकाकांचं."

"मग त्यांना विचार."

"तूच विचार. फाटकावर लागलेत बघ."

फाटकावर त्यांच्या मृत्यूचा कागद होता. जाऊन सहा महिने झाले म्हणून त्यांच्या बायकोने आदल्याच दिवशी नवा चिकटवला होता. काळी चौकट, फोटो, खाली नाव. फोटोतसुद्धा काका कोणाचं तरी ऐकत असल्यासारखे मान तिरकी करून होते.

ओग्न्यान कानापर्यंत लाल झाला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

राद्कोकाका आधी लिफ्टचे मेकॅनिक होते. मग पाठ गेली आणि ते आमच्या खात्यात आले. मला हे काम त्यांनीच शिकवलं. दिवसाला दहा वाक्यं बोलतील तर शपथ. पण रोज साडेअकरा वाजले की हातातलं काम तसंच टाकून सर्व्हरच्या खोलीत जायचे. दार लावून घ्यायचे. पावणेबाराला बाहेर.

"काका, काय करता हो आत?"

"मशीनला जेवायला घालतो."

आम्ही हसायचो.

ते एकोणिसावं मशीन खालच्या फळीवर होतं. राखाडी, बुटांच्या खोक्याएवढं. त्यावर काकांच्या अक्षरात एक पट्टी... हात लावू नका.

आता आमच्या धंद्यात असल्या बेवारशी मशीनसाठी एक रीत आहे. आमच्या खात्यात तिला 'बोंब चाचणी' म्हणतात. मशीन कोणाचं, काय करतं, हे शोधत डोकं फोडायचं नाही. सरळ त्याची वायर काढायची आणि गप्प बसायचं. ज्याचं असेल तो बोंब मारत येतोच. आठवडाभर कोणी बोंबललं नाही, तर मशीन भंगारात.

सोमवारी अकरा पस्तीसला वायर मीच उपसली.

ओग्न्यानने हात झटकले. "चला. आता बोंब कोण मारतंय, बघू."

पाच मिनिटांनी कोणीतरी मारलीही असेल.

आम्हाला ऐकू आली नाही, एवढंच.

त्या संध्याकाळी मी आईकडे गेले. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. द्रुझ्बा भागात, नवव्या मजल्यावर एकटी राहायची. गुडघे गेलेले, हातात काठी. रोज साडेअकराला लिफ्टने खाली उतरायची, पाव घ्यायची, बाकावर बसून अख्ख्या ब्लॉकची उणीदुणी काढायची आणि एकला वर. ती लिफ्ट होती म्हणून तिला जग होतं.

"शनिवारी मृतांचा दिवस आहे," तिने कॉफी ओतता ओतता सुरुवात केली. "तुझ्या बापाच्या थडग्यावर गहू न्यायचेत. येणार आहेस, की तुझी मशिनं जास्त जवळची?"

"आई, शनिवारीच शेवटचं हलवायचं आहे. ऑफिस रिकामं असतं म्हणून..."

"असणारच रिकामं. सगळे आपापल्या मेलेल्यांकडे गेलेले असतात. एक तू सोडून. स्नेझे, स्नेझे... आण तो कप इकडे."

स्नेझे म्हणणारी जगात ही एकच बाई. बाकी सगळ्यांना मी स्नेझिना.

तिने माझा कप बशीत उपडा केला, थांबली, मग उचलून आतला गाळ बघितला. हे तिचं रोजचं. कॉफी प्यायची बिनसाखरेची, कडू जहर, आणि मग दुसऱ्यांचं नशीब सांगत बसायचं.

"दार दिसतंय."

"उघडं की बंद?"

तिने कप उजेडाकडे तिरका धरला. "अर्धवट," म्हणाली आणि कप धुवून टाकला. कधी धुवायची नाही लगेच.

मंगळवारी दुपारी मित्कामावशींचा खालून फोन आला.

"पोरी, वर काही उचकापाचक केलीत का?"

"का हो मावशी?"

"अकरा चाळीसला एक फोन आला. लिफ्टचा नंबर नाही, पत्ता नाही. नुसता श्वास... कोणीतरी रडून रडून दमल्यावर घेतं ना, तसा."

मला लगेच वायर आठवली. आठवली, आणि मी गप्प बसले.

बुधवारी पुन्हा. अकरा चाळीस. या वेळी एकाच वेळी चार वेगवेगळ्या लिफ्टमधून. त्या चारही लिफ्टमध्ये माणसं होती, पण बटण कोणीच दाबलं नव्हतं. आतला स्पीकर आपोआप चालू झाला, म्हणे. आणि त्यातून कोणीतरी पोर विचारत होतं...

"काका, निघालात का?"

मी ओग्न्यानच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. "मी ती वायर परत लावते."

"कशासाठी? त्या मशीनवरून एक तरी लेखी तक्रार आली?"

"लोक घाबरलेत, ओग्न्यान."

"कोणाच्या तरी पोरांचा खोडसाळपणा असेल. आठवडा पुरा होऊ दे. मालक समोर येऊ दे, नावासकट. नाहीतर मी व्हिएन्नाला काय सांगू? लिफ्टमध्ये भूत आहे?"

मी भांडायला हवं होतं. एरवी मी भाजीवाल्याशी टोमॅटोवरून भांडते. त्या दिवशी नेमकं ऐकून घेतलं.

गुरुवार.

अकरा बेचाळीस. मित्कामावशी.

"पोरी... तुझी आई अडकलीय."

टॅक्सी कशी मिळाली, वीस मिनिटं कशी गेली, मला आठवत नाही. मेकॅनिक निघाला होता, पण अजून पोचला नव्हता. लिफ्ट सहाव्या आणि सातव्या मजल्यांच्या मधे उभी. मी जिन्याने धावत सातव्यावर गेले आणि दाराला कान लावला.

आतून आईचा आवाज आला. घाबरलेला नाही. गप्पा मारतानाचा.

ती बोलायची. मग थांबायची... कोणीतरी उत्तर देत असावं, तेवढा वेळ. मग पुन्हा बोलायची.

"आई! मी आलेय!"

"थांब गं स्नेझे, बोलतेय मी. इथे एक पोर आहे."

"तुझ्याबरोबर आत?"

"आत नाही, त्या बोलायच्या जाळीतून बोलतेय. रालित्सा नाव आहे तिचं. नऊ वर्षांची आहे. फार दिवस अडकलीय म्हणते. एक माणूस रोज येतो येतो म्हणायचा, तोही आता बोलायचा बंद झाला. कोणी असं करतं का गं पोरीशी?"

मी दाराला आणखी चिकटले. "आई, तिच्याशी बोलू नकोस. ऐक माझं."

"तुझं ऐकायला जन्म पडलाय. रडतेय ती." मग आवाज मऊ झाला, आणि ती माझ्याशी बोलत नव्हती. "रडू नको गं बाळा. ये. माझ्याकडे ये. मी आहे ना इथे."

मग शांतता.

श्वाससुद्धा ऐकू येईना. मी दारावर हात आपटत राहिले. आतून फक्त काठी वाजली. ठक... ठक... ठक...

आणि थांबली.

लिफ्टला आपोआप झटका बसला. ती वर आली. दार उघडलं.

आई मागच्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. हळूच वळली. आधी माझ्याकडे नाही बघितलं, जिन्याच्या खिडकीकडे बघितलं. उन्हाकडे. मग पटकन बाहेर आली आणि माझा हात घट्ट धरला. तिचा हात बर्फ झाला होता.

"चला ना," ती म्हणाली. "इथून चला."

काठी आतच पडली होती. मी ती घ्यायला वळले आणि दार लागलं. लगेच बटण दाबून उघडलं.

आत काठी नव्हती.

मेकॅनिक आल्यावर त्याने छतावर बघितलं, खाली खड्ड्यात बघितलं. नाही म्हणजे नाही. "मिळेल हो," तो म्हणाला. "काठी कुठे जाणार?"

मी आईला सरळ माझ्या घरी आणलं. माझं घर दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. आई जिना भराभर चढली. मला वाटलं, भीतीने बळ आलं असेल. आई हाताला लागली होती ना, मग मला दुसरं काही बघायचंच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी मित्कामावशींना विचारलं. "मावशी, रालित्सा कोण?"

त्यांच्या हातातला चष्मा टेबलावर पडला.

"तुला हे नाव कोणी सांगितलं?"

मग त्यांनी सांगितलं. नव्वदच्या हिवाळ्यात वीज पाळीपाळीने जायची. दोन तास आहे, दोन तास नाही. मावशी तेव्हा नव्याच लागल्या होत्या. एका सकाळी लिफ्ट क्रमांक एकशे चौदामध्ये एक मुलगी अडकली. दम्याची होती. त्या लिफ्टमध्ये बॅटरीवरचा फोन होता. अकरा चाळीसला तिने फोन केला. उचलला तो कामावरच्या मेकॅनिकने, पंचविशीतल्या राद्कोने. तो म्हणाला, रडू नको, निघालोय, येतोच आहे.

"आणि गेले नाहीत?"

"निघाला होता गं. तेवढ्यात दुसरा फोन आला. मोठ्या साहेबांच्या ब्लॉकमधून. आधी तिकडे पाठवला त्याला. एकशे चौदाला पोचेस्तोवर..." मावशींनी डोळे पुसले. "ती लिफ्ट नंतर काढूनच टाकली. दारावर भिंत बांधली. नंबरही वहीतून खोडला. पण फोन येतच राहिला, पोरी. रोज त्याच वेळेला. राद्को उचलायचा. पुढे तो वर तुमच्या खात्यात गेला आणि खाली फोन यायचा बंद झाला. मी विचारलं नाही. धीर झाला नाही."

मी वर गेले. एकोणिसाव्या मशीनला पडदा जोडला आणि उघडलं. आत काही म्हणजे काही नव्हतं. काकांनी लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम. रोज अकरा चाळीसला एकच फोन उचलायचा आणि एकच आवाज ऐकवायचा. आवाज काकांचा.

"ऐकू येतंय मला, बाळा. रडू नको. निघालोय. येतोच आहे."

हे ते जेवायला घालणं. जिवंत होते तोवर फोन ते स्वतःच उचलत असणार; आपण कायमचे राहणार नाही, हेही त्यांना कळलं असणार. म्हणून आपला आवाज मशीनमध्ये ठेवून गेले होते. आणि मी वायर उपसली.

मी तिथेच जमिनीवर बसून रडले. लाज वाटली मला. फार लाज वाटली.

शनिवारी ऑफिसात आम्ही तिघंच. मित्कामावशींनी उकडलेले गहू आणले होते, वर साखर, अक्रोड. कागदी कपात दोन वाटे काढले. "राद्कोच्या नावाने, आणि तिच्या," म्हणाल्या. ओग्न्याननेही मुकाट्याने खाल्ले. खालच्या मेकॅनिक पोरांची कुजबुज त्याच्याही कानावर गेली होती.

"ठीक आहे, हलवू क्लाउडवर," तो म्हणाला. "पण मालक कोण लिहू?"

"राद्कोकाका."

त्याने टाइप केलं. पडद्यावर लाल रेघ आली. "घेत नाही. माणूस जिवंत लागतो."

"मग माझं लिही."

"स्नेझिना, विचार कर. मालक म्हणजे कायमची जबाबदारी. तू सोडून जाताना दुसरा कोणी घेईपर्यंत तुझ्या गळ्यात."

"लिही म्हटलं ना."

"कामाचं स्वरूप?"

"फोन उचलणे."

अकरा चाळीसला सेवा चालू झाली. खाली मावशींच्या फोनचा दिवा पेटला नाही. कुठल्याही लिफ्टमधून काही आलं नाही. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मावशींनी क्रॉस केला आणि माझ्या जिवात जीव आला.

राखाडी मशीन भंगारात गेलं. बोंब कोणी मारली नाही.

नंतरचे दीड महिने चांगले गेले. चांगले, असं मी तेव्हा म्हणत होते.

आई माझ्याकडेच राहिली. बदलली होती. टोमणे बंद. बाबांच्या थडग्याचं नाव नाही. कॉफी पुढे केली तर नाक मुरडलं. "कडू आहे," म्हणाली. गरम दूध हवं, त्यात मध. एकदा दुकानासमोर थांबून बोझा मागितला. आंबवलेल्या धान्याचं ते गोड, घट्ट पेय, शाळेतली पोरं बनित्साबरोबर, म्हणजे चीजच्या खारीबरोबर पितात. आईला त्याचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही. त्या दिवशी तिने अख्खी बाटली संपवली आणि ओठावर आलेली बोझाची मिशी जिभेने पुसली.

काठी लागायची नाही. पण कुठलंही दार लावलेलं चालायचं नाही. न्हाणीघराचंसुद्धा. रात्री दिवा लागायचा. सकाळी काचेवर श्वास सोडून बोटाने चित्रं काढायची. घर, सूर्य, फूल.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, म्हातारपणी माणूस लहान होतं, प्रेमाने वागा.

मी वागले. मला ते सोपंच गेलं. आयुष्यात पहिल्यांदा घरात कोणी माझ्यावर ओरडत नव्हतं.

एकच गोष्ट खटकायची. मला ती कशानेच हाक मारायची नाही. हवं असलं की जवळ येऊन माझी बाही ओढायची.

एप्रिल संपला. पहिला पूर्ण महिना झाला म्हणून तक्ता आला.

सेवा : फोन उचलणे. मालक : स्नेझिना. वापरणारे : एक.

ओग्न्यान खुर्ची सरकवत आला. "एकच? पाचपेक्षा कमी असले तर मालकाने लेखी कारण द्यायचं, नाहीतर वर्षअखेर सेवा बंद. नियम आहे. काहीतरी लिहून दे बाई, मी पुढे ढकलतो."

कारण लिहायचं म्हणून मी नोंदी उघडल्या. जुनं मशीन काही साठवत नव्हतं. नुसतं बोलायचं आणि गप्प व्हायचं. क्लाउडवर सगळं साठतं. रोजचा एक फोन, त्याचा आवाज, तारखेसकट.

मी हेडफोन कानाला लावला आणि पहिल्या शनिवारची नोंद चालू केली.

आधी राद्कोकाका. "ऐकू येतंय मला, बाळा. रडू नको. निघालोय. येतोच आहे."

मग काही नाही.

मग... ठक. ठक. ठक.

"बाळ कोणाला म्हणतोस रे?" पलीकडून आवाज आला. "म्हातारी आहे मी. दोन दिवस उभी आहे इथे. माझ्या मुलीला बोलवा. स्नेझिना नाव तिचं. स्नेझे... अजून किती वेळ गं?"

मी कानावरचं काढून फेकलं. पुन्हा घातलं. पुढची लावली. मग पुढची.

पहिला आठवडाभर ती भांडत होती. काकांशी, कंपनीशी, माझ्याशी. दुसऱ्या आठवड्यात विचारत होती. तिसऱ्यात म्हणाली, "ती पोर बरी आहे ना गं? तिला काही बोलू नकोस. मीच ये म्हटलं होतं." त्यानंतर बोलणं कमी होत गेलं. शेवटच्या कितीतरी नोंदींत नुसती काठी आहे. तीन वेळा. थांबते, कोणी ऐकतंय का बघते, आणि फोन बंद.

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, वापरणारी माझी आई आहे.

ओग्न्यानने वाचलं. "आई तर तुझ्या घरी आहे ना?"

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सही केली. डिसेंबरपर्यंत. डिसेंबरात पुन्हा विचारतील.

आता मी रोज अकरा वाजता ऑफिसातून निघते. अकरा चाळीसला द्रुझ्बातल्या त्या लिफ्टमध्ये उभी असते. सहावा मजला, सातवा मजला, वर, खाली. हाका मारते. ब्लॉकची माणसं मला वेडी समजतात, समजू देत. लिफ्ट कधी अडकत नाही. दार नीट उघडतं, नीट लागतं.

काकांचा आवाज मी सेवेतून काढला. माझा घातला. सहा वेळा रेकॉर्ड करावा लागला, कारण मधेच रडू फुटायचं.

"आई, ऐकू येतंय मला. घाबरू नकोस. निघालेय. येतेच आहे."

दुसरं काय म्हणणार होते मी?

तो घातल्याच्या दुसऱ्या दिवशीची नोंद मी ऐकली. माझा आवाज संपला. काठी वाजली नाही. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "बरं. थांबते." त्यानंतरच्या नोंदी मी ऐकलेल्या नाहीत.

काल संध्याकाळी घरी गेले. ती खिडकीशी बसून काचेवर बोटाने काहीतरी काढत होती. या वेळी घर नव्हतं, सूर्य नव्हता. एक चौकोन, मधे उभी रेघ. लिफ्टचं दार.

मी तिच्यासमोर दूध ठेवलं. खूप दिवस जे विचारायचं नव्हतं ते विचारलं.

"तुझं नाव काय गं?"

बोट थांबलं. तिने आईच्याच डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या डोळ्यांत पाणी आलं.

"मला परत नाही ना पाठवणार?"

मी तिच्याजवळ बसले. चौतीस वर्षं ती थांबली होती आणि आई दोन महिने.

"दूध पी," मी म्हटलं. "गार होतंय."